पालथ्या कुंड्यांचा पदर

आपल्या सगळ्यांच्या अक्का, म्हणजे ज्यांच्या सत्कारानिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे त्या श्रीमती यमुनाबाई सोनवणे, यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. धुळ्याच्या एका साड्या छापणाऱ्या कारखान्यात नक्षी काढायला मुलगी हवी आहे असं कळलं, म्हणून मी भुसावळहून आले होते. अंगात कडक इस्त्रीचा स्कर्ट-ब्लाउज, हातात चित्रांची गुंडाळी आणि डोक्यात बराचसा शहाणपणा. फाटकातून आत आले, तर अंगणात एक उंच, सावळ्या बाई उभ्या होत्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि त्या स्वतः दुसऱ्या एका बाईच्या पाठीकडे टक लावून पाहत होत्या. ती दुसरी बाई कोरी साडी नेसून अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे चालली होती.

"सखू, जरा हळू चाल. तुना मांगे वाघ नही लागेल."

"वाघ परवडी, अक्का. तुमना डोया नही परवडतस," ती बाई न वळताच म्हणाली.

अंगणातल्या सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, तेव्हा अक्कांनी वळून माझ्याकडे पाहिलं. तीच आमची पहिली भेट.

मागून पाहणं हा अक्कांच्या कामाचा पाया होता, हे मला हळूहळू कळलं. कारखान्यात नवी नक्षी पहिल्यांदा छापून झाली की ती साडी सखूबाईंनी नेसायची आणि अंगणातून पाठमोरं चालत जायचं, असा अक्कांचा दंडक होता. सखूबाई खरं तर साड्या धुऊन वाळत घालण्याच्या कामावर. पण नवी साडी सगळ्यांत आधी अंगावर घालण्याचा मान त्यांचा. एकदा मी विचारलं, पुढून का नाही पाहायचं? अक्का म्हणाल्या, "बाईले पुढून तिना घरना देखतस. बाकी बठ्ठा गाव मांगून देखस."

तर त्या पहिल्या दिवशी अक्कांनी माझी गुंडाळी सोडली. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आम्हाला भरतकाम आणि चित्रकला फार मायेने शिकवली होती. विलायतेतल्या वसंत ऋतूचे धडे पाठ करून आम्ही मुली मोठ्या झालो होतो. त्यामुळे माझ्या कागदांवर पिवळ्या डॅफोडिलांचे ताटवेच्या ताटवे होते. अक्कांनी एकेक कागद उजेडाकडे धरून पाहिला.

"छान काढलंय. या फुलाला वास कसा येतो?"

मला माहीत नव्हतं.

"देठ पोकळ असतो की भरीव?"

तेही माहीत नव्हतं.

"कुठे पाहिलंस हे फूल?"

"पुस्तकात," मी म्हणाले आणि माझा शहाणपणा तिथेच संपला.

त्या हसल्या नाहीत. कागद नीट गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिले. तोवर माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत होत्या, त्या एकदम आपल्या बोलीवर आल्या. "हात चांगला शे पोरी. आते डोयाले बी कामले लाव. रविवारले जळगाव चाल मनासंगे."

अक्का रागावल्या की अहिराणीत बोलत आणि माया दाटली की अहिराणीतच बोलत. यातलं काय चाललं आहे हे ओळखायला मला पुढे वर्षभर लागलं. त्या दिवशी मात्र लगेच कळलं.

माघ संपत आला की जळगावच्या एका मोठ्या बागेत फुलांचं प्रदर्शन भरत असे. खानदेशातला वसंत मोठा घाईचा. थंडीची फुलं पुरती उमलतात न उमलतात तोच दुपारचं ऊन चटके देऊ लागतं. त्या मधल्या चार दिवसांत ते प्रदर्शन गाठायचं, हे अक्कांचं वर्षाचं व्रत होतं. पहाटेच्या एसटीने धुळ्याहून निघायचं. वाटेत एरंडोल आलं की अक्का खिडकीतून बाहेर पाहत, कारण त्यांचं माहेरचं गाव तिथून जवळ. दरवेळी त्या म्हणत, "आठे उतरनू तं माय आठ दिन सोडाव नही." आणि उतरत नसत.

बागेत डोक्याएवढे डेलिया असत, झालरीचे पिटुनिया असत, मांजराच्या तोंडासारखी मखमली पॅन्सी असत. मी पहिल्याच कुंडीपाशी वही उघडून बसले. अक्कांनी ती हळूच मिटली. त्यांची रीत वेगळी होती. पहिला फेरा हात मागे बांधून मारायचा, पेन्सिलीला शिवायचं नाही. दुसऱ्या फेऱ्याला डोळे किलकिले करायचे, म्हणजे पाकळ्या दिसत नाहीत, नुसते रंगांचे पट्टे दिसतात. आणि तिसऱ्या फेऱ्याला कुंड्यांच्या मांडणीमागे जायचं, जिथे माळी मंडळी झाऱ्या घेऊन बसलेली असत. तिथून फुलांची पाठ दिसायची. देठ कुठे वाकला आहे, पाकळीला मागून कोणती शीर धरून ठेवते आहे, हे सगळं तिथे उघडं पडायचं.

तिथे मुख्य माळी काशिनाथआबा आमची वाटच पाहत असत.

"आल्या का चोर? यंदा जोडीला नवा चोर आणला वाटतं."

"कुंडीला बोट न लावता नेतो आबा, मग चोरी कसली?"

"तीच तर खरी चोरी. बोट लावलं असतं तर मी पकडलं असतं ना!"

अक्का कधीही रंगपेटी घेऊन गेल्या नाहीत. त्यांच्या पिशवीत सुती दोऱ्यांचा एक जाडजूड झुबका असे. किमान शंभर छटा असतील. फुलाशेजारी एकेक दोरा धरायचा, जुळला की त्याला गाठ मारायची. एका फुलाचे जितके रंग तितके दोरे एका गाठीत. मी एकदा पाकळीला "पिंक" म्हणाले. अक्कांनी विचारलं, "कोणता? निखारा विझताना कडेला उरतो तो, की केळफुलाच्या आतल्या पानाचा?" आणि लगेच म्हणाल्या, "रंगाला नाव दिलं की माणूस पाहायचं थांबतो. नाव घेऊ नको, दोरा काढ."

"दोरा काढ" हे दोन शब्द त्यांनी मला पुढच्या आयुष्यात शेकडो वेळा ऐकवले. माझी लेक तापाने फणफणली होती आणि मी घाबरून नुसती रडत होते, तेव्हाही अक्का दारात येऊन म्हणाल्या, "दोरा काढ." म्हणजे घाबरू नको, समोर काय आहे ते नीट पाहा. मग स्वतःच पाण्याच्या पट्ट्या घेऊन बसल्या.

त्यांच्या मायेची नोंद करायची तर हा ग्रंथ पुरायचा नाही. धुळ्यात मी एका खोलीत भाड्याने राहत असे. तिसऱ्याच दिवशी अक्कांनी माझ्या डब्यातला ब्रेड-जॅम पाहिला आणि आपला डबा माझ्यापुढे सरकवला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर ठेचा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "रडू नको, सवय व्हई," त्या म्हणाल्या. त्या ठेच्याबद्दल बोलत होत्या की धुळ्याबद्दल, कोण जाणे. दोन्हींची सवय झाली.

आता मी त्या गोष्टीकडे वळते, जी तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकली आहे. 'अक्कांच्या पालथ्या कुंड्या.' आपल्या प्रत्येक मेळाव्यात कोणीतरी ती सांगतं, आपण सगळे पोट धरून हसतो आणि अक्का सगळ्यांत जास्त हसतात. पण ती गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत आहे. उरलेली अर्धी माझ्याजवळ आहे.

मला कारखान्यात दोन वर्षं पूर्ण झाली होती. नक्षीच्या खोलीत आम्ही अक्का धरून पाचजणी होतो. सगळे त्या खोलीला 'टेबल' म्हणत. एके दिवशी कारखान्याचे शेठ तिथे आले. माणूस चांगला, पण व्यवहाराला पक्का.

"अक्का, सुरतेहून आता तयार नक्ष्या येतात. मागाल तितक्या. आपण हे फुलं बघत हिंडायचं कशाला?"

"त्या नक्ष्या सगळ्या गावांना जातात शेठजी. आपल्या आपल्याच असतात."

शेठजींनी मग अट घातली. "या आखाजीची साडी तुमच्या टेबलावरून येऊ द्या. नमुना माझ्या मनाला पटला तर टेबल राहील. नाही पटला, तर ही खोली मी रंगाचे डबे ठेवायला घेतो."

आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि खानदेशात तिचा थाट दिवाळीहून कमी नसतो. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि माहेरवाशिणीला नवी साडी मिळते. म्हणजे कारखान्याच्या दृष्टीने वर्षाची मुख्य साडी. टेबल बंद झालं तर अक्कांना शेठजींनी कुठेतरी सामावून घेतलंच असतं. आम्हा चौघींना मात्र घरी जावं लागलं असतं. आणि भुसावळला माझे वडील म्हणतच होते, पुरे झालं आता.

त्या वर्षी आम्ही जळगावहून भरपूर गाठी मारलेला झुबका घेऊन आलो. साडीचं अंग अक्का करणार होत्या. पदर त्यांनी माझ्यावर सोपवला. माझा पहिला स्वतंत्र पदर! प्रदर्शनात मधोमध गेरू लावलेल्या कुंड्यांची मोठी रास रचली होती आणि प्रत्येक कुंडीतून पिटुनिया ओसंडत होते. मी तेच घेतलं. ओळीने कुंड्या, त्यांतून वर उसळणारी फुलं. देठ पोकळ की भरीव, आता सगळं मला माहीत होतं.

काम संपत आलं तेव्हा अक्का भाचीच्या साखरपुड्यासाठी दोन दिवस गावी निघाल्या. जाताना म्हणाल्या, "मी आल्यावर पाहीन, मगच पुढे पाठव." टेबलावरच्या प्रत्येक कागदाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, त्या पेन्सिलीने बारीक 'य' काढत. तो 'य' असल्याशिवाय, नक्षी ज्यांतून कापडावर उतरते त्या छापायच्या जाळ्या बनवायच्या नाहीत, असा नियम होता.

मी तो नियम मोडला. जाळ्या बनवणारा कारागीर म्हणाला, आज कागद दिला तर परवा साडी छापून तयार. मला वाटलं, अक्का एसटीतून उतरून येतील आणि समोर साडीच पाहतील. त्यांचा चेहरा कसा फुलेल! मी कोरा कोपरा तसाच ठेवून कागद देऊन टाकला.

अक्का आल्या त्या सकाळी पहिला छाप वाळला होता. शेठजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. अक्का फाटकातून आत येत होत्या, खांद्याला पिशवी तशीच. सखूबाई साडी नेसून निघाल्या. सात-आठ पावलं गेल्या असतील. मग मागच्या बाजूने कोणीतरी फिस्सकन हसलं.

"काय व्हयनं?" सखूबाईंनी मान वळवून आपलाच पदर पुढे ओढला. "माय वं! बठ्ठा कुंड्या पालथ्या! अक्का, यासले पानी घालं तं मना टाचवर सांडी!"

खरंच, ओळीने सगळ्या कुंड्या डोक्यावर उभ्या होत्या आणि फुलं जमिनीकडे तोंड करून लोंबत होती. चूक अगदी साधी होती. कागदाची वरची कड म्हणजे पदराचं टोक असं मी धरलं होतं आणि फुलं त्या कडेकडे तोंड करून काढली होती. पण पदर खांद्यावरून मागे सोडला की त्याचं टोक खाली जातं. रोज साडी नेसणाऱ्या कोणत्याही बाईच्या हातून हे झालं नसतं. मी नेसत नव्हते. मी चौकटीत बसवून भिंतीवर लावायची चित्रं शिकलेली मुलगी होते.

शेठजी हसले नाहीत. "हे कोणी पास केलं?"

अक्कांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"मी."

"तुम्ही? अक्का, इतक्या वर्षांत तुमची नजर कधी चुकली नाही."

"मग आज चुकली. डोळेच आहेत शेठजी, दिवे नाहीत. मला आठ दिवस द्या."

शेठजी खुर्चीवरून उठले. "आठ. नववा दिवस नाही."

टेबलाच्या खोलीत आल्यावर अक्कांनी माझा कागद मागवला. उलटा केला, कोरा कोपरा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी रडू लागले. मी आत्ताच जाऊन शेठजींना खरं सांगते, असं काहीतरी म्हणत होते.

"बस खाले," अक्का म्हणाल्या. "तुनं नाव सांगं असतं तं तू सांजनी गाडीले भुसावळ. मना नावले शेठ आठ दिन थांबतीन. आपले आठ दिनच जोयजेत."

"पण अक्का, चूक माझी आहे."

"शे ना. मी कुठे नही म्हनस? कधी सांगानं ते तू ठरव. आज नही. आज दोरा काढ."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा जळगावच्या बागेत. प्रदर्शन कधीच उठलं होतं. ऊन कडक झालं होतं. काशिनाथआबा वाळलेली रोपं उपटून माती मोकळी करत होते.

"उशीर केला अक्का. फुलं गेली, आता नुसत्या कुंड्या उरल्या."

"आबा, तुमच्या पाया पडते, कुंड्यांचं नाव काढू नका."

दुपारपर्यंत आम्ही बागेचा कोपरा न् कोपरा पाहिला. झुबक्याला एकही गाठ बसली नाही. शेवटी थकून बागेच्या मुख्य कमानीच्या सावलीत, आतल्या बाजूला बसलो. भाकरी सोडली. इतक्यात एक बाई बागेतून बाहेर निघाली. कमानीखाली येताच तिची पाठ आमच्याकडे झाली आणि वरून लोंबणारा संक्रांतवेलीचा एक केशरी घोस बरोबर तिच्या खांद्यामागे आला. जणू तो तिच्या पदरावरच फुलला होता. एक पाऊल, आणि ती पुढे गेली.

मी अक्कांचा हात घट्ट धरला. वर पाहिलं तर हंगामातले शेवटचे घोस कमानीभर लटकत होते, नळीसारखी केशरी फुलं, सगळी खाली झुकलेली. दरवर्षी याच कमानीखालून आम्ही आत गेलो होतो. प्रदर्शन गाठायच्या घाईत एकदाही मान वर केली नव्हती. अगदी अक्कांनीसुद्धा.

अक्का मला शाबास म्हणाल्या नाहीत. वर पाहत स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "पदर म्हंजे टांगेल कपडा. त्याले टांगेल फूलच शोभी." मग पिशवी माझ्याकडे सरकवली. त्यांनी सांगायच्या आत मी दोरा काढला होता.

धुळ्याला परतल्यावर त्यांनी मला कागदाला हात लावू दिला नाही. आधी कोऱ्या मांजरपाटाची साडी नेसायला शिकवलं. निऱ्या तीनदा सुटल्या, चौथ्यांदा टिकल्या. मला आरशाकडे पाठ करून उभं केलं आणि कोळशाने माझ्या पदरावरच खांद्यापासून खाली वेल उतरवली. "आते तू," म्हणाल्या. मग तसंच कापड सखूबाईंना नेसवून मी त्यांच्या पाठीवर घोस काढू लागले.

"हाय वं, गुदगुल्या व्हतस!"

"सखू, हलू नको. फूल वाकडं व्हई."

"वाकडं चाली अक्का, पालथं नको!"

हसण्यात आणि कोळशात आमचे चार दिवस गेले. या वेळी कागदाच्या कोपऱ्यात 'य' होता. त्याच्या शेजारी अक्कांनी मला माझ्या नावाचा 'शो' काढायला लावला.

आठव्या दिवशी सखूबाई पुन्हा अंगणातून चालल्या. केशरी घोस त्यांच्या चालीबरोबर हलत होते, जसे कमानीत वाऱ्याने हलतात. शेठजी उठले, मागच्या घरात गेले आणि आपल्या पत्नीला घेऊन आले. त्यांनी डोळे भरून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "पहिली साडी घरात द्या." शेठजी अक्कांकडे वळले. "टेबल राहू द्या."

त्या आखाजीला मी सुट्टीवर भुसावळला गेले, तिथून मावशीकडे यावलला. स्टँडवर एसटीसाठी बायकांची रांग होती. केळीच्या मळ्यांत काम करणाऱ्या, लेकराला कडेवर घेतलेल्या, माहेरी निघालेल्या. माझ्यापुढे तीन पाठी सोडून एक संक्रांतवेल होती. तिच्यापुढे आणखी एक. त्या बायांना माझं नाव माहीत नव्हतं, अक्कांचंही नव्हतं. इतकी आनंदी मी आयुष्यात फार थोड्या वेळा झाले आहे.

पुढे रावेरच्या बाजारापर्यंत आमच्या टेबलाच्या साड्या गेल्या. नव्वदच्या दशकात अक्कांनी गावोगावच्या मुलींना शिकवायला घेतलं. या ग्रंथात लिहिणाऱ्या कितीतरी जणी त्यांतल्याच. प्रत्येकीच्या पिशवीत आजही दोऱ्यांचा झुबका असेल, याची मला खात्री आहे.

आणि ती पहिली, पालथी साडी? ती सखूबाईंनी मागून घेतली. त्याच आखाजीला नेसून झोक्यावर बसल्या आणि कारखान्यात येऊन सांगू लागल्या, "अक्का, चिंता नका करा. झोका वर गया का पदर उडस, अन् कुंड्या सरळ व्हतस!" तिथून ही गोष्ट गावभर झाली, अक्कांच्या नावाने. शेठजींनी सांगितली, कारागिरांनी सांगितली, मग तुम्ही सांगितली. एकदा मेळाव्यात मी खरं बोलायला उभी राहिले, तर अक्कांनी खालूनच आवाज दिला, "शोभना, बस. मना कुंड्यासवर तुना हक्क नही!" सगळे हसले आणि मीही बसले. दुसऱ्यांदा उठायला इतकी वर्षं लागली, याची लाज वाटते.

तर मंडळी, त्या कुंड्या अक्कांच्या नव्हेत. त्या माझ्या. अक्कांनी तो कागद पाहिलाही नव्हता. त्यांची नजर त्या दिवशी चुकली नव्हती. एका मुलीला आठ दिवस मिळावेत म्हणून त्यांनी आपल्या नजरेची कीर्ती उतरवून अंगणात ठेवली आणि इतकी वर्षं ती परत उचलली नाही.

सखूबाई यावलला लेकीकडे राहायला गेल्या, तेव्हा जाताना ती साडी माझ्या हातात देऊन गेल्या. "तुनी तुले," एवढंच म्हणाल्या. म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. रंग जरा उतरला आहे, पण कुंड्या जागच्या जागी आहेत. सत्काराच्या दिवशी मी ती नेसून येणार आहे आणि व्यासपीठावर हार घालायला जाताना सगळ्यांना पाठमोरी दिसणार आहे. मागच्या रांगांतल्यांनी खुशाल हसावं. फक्त या वेळी माझ्याकडे पाहून हसावं.

अक्का, हा लेख मी तुम्हाला आधी दाखवलेला नाही. तुमच्या 'य'शिवाय पुढे पाठवलेलं माझं हे दुसरं काम. या वेळी मात्र काय वर आणि काय खाली, ते मी नीट पाहून घेतलं आहे.

तुमचे गुडघे बरे राहोत, डोळे असेच बोचरे राहोत. अजून पंचवीस आखाज्यांना तुमचा झोका उंच जावो. आणि दर माघात जळगावच्या कमानीखाली मान वर करून उभं राहायला तुम्ही आमच्यासोबत असा. पिशवी मी धरीन. दोरा तुम्ही काढा.